चिंचोके, स्टीलची वाटी आणि चार मिनिटं

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कितीतरी जणांचं पहिलं भाषण १ ऑगस्टला झालेलं असतं. लोकमान्यांची पुण्यतिथी, शेंगांची टरफलं, घरच्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलेला मजकूर आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'. पाठांतर पक्कं असलं की शाबासकी ठरलेली. पुढं वीस-पंचवीस वर्षांनी सोसायटीच्या सभेत किंवा ऑफिसच्या रिव्ह्यूत बोलायची वेळ येते, तेव्हा तीच पद्धत आपसूक वर येते: लिहायचं, घोकायचं आणि एका दमात म्हणून टाकायचं. तिथं ती फसते. शाळेत कुणाला काही पटवायचं नव्हतं, आपण विसरलो नाही एवढंच दाखवायचं होतं.

रविवारी सकाळी दहा-बारा जणांनी दीड तास एकत्र बसायचं, असे बारा आठवडे. चारचौघांत बोलण्याच्या या सरावात काय काय करावं लागतं, कुठं अडतं आणि का अडतं, ते इथं मांडतो आहोत. धीट कसं व्हावं याचा तोडगा आमच्याकडे नाही. छाती पहिल्या रविवारी धडधडते तशी बाराव्यालाही धडधडते. फक्त तोवर तोंडाला आपलं काम ठाऊक झालेलं असतं.

पहिल्या रविवारी भाषण कुणी करत नाही. मोबाइल पेल्याला टेकवून ठेवायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि 'आज सकाळपासून काय केलं' हे दोन मिनिटं सांगायचं. घरी गेल्यावर ते शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचं. दोन मिनिटांच्या बोलण्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि कंटाळा येतो, पण हा भाग गाळला तर पुढचं सगळं वरवरचं होतं. 'अं', 'म्हणजे', 'काय झालं की', 'ॲक्चुअली' हे सगळं जसंच्या तसं लिहायचं. पहिला महिनाभर व्हिडिओ घेऊ नये. माणूस स्वतःचं पोट आणि शर्टाची इस्त्री बघत बसतो, ऐकत नाही.

कागदावर दोन खोडी लगेच दिसतात. एक, भरतीचे शब्द. दोन मिनिटांत पंधरा-वीस निघाले तर घाबरायचं कारण नाही, नव्याने उतरवणाऱ्याकडे तेवढे निघतातच. दुसरी खोड अशी की वाक्य संपतच नाही. 'उठलो आणि मग दूध आणायला गेलो तर दुकान बंद म्हणून मग पुढच्या चौकात गेलो आणि तिथं…' असा अर्धा ताव भरतो आणि पूर्णविराम कुठं द्यावा ते कळत नाही. या दोन्ही खोडींचं मूळ एकच आहे. गप्पांमध्ये आपण थांबलो की दुसरा तोंड घालतो, म्हणून 'आणि', 'म्हणजे' टाकून आपण आपली पाळी राखून ठेवतो. भाषणात ती पाळी कुणी हिसकावणार नसतं, पण जिभेला ते माहीत नसतं.

यावर आमचा उपाय चिंचोक्यांचा. एकाने स्टीलची वाटी आणि मूठभर चिंचोके घेऊन मागच्या बाकावर बसायचं. बोलणाऱ्याने 'अं' किंवा 'म्हणजे' म्हटलं की एक चिंचोका वाटीत. टण्. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या मंडळांच्या सभांमध्येही असे शब्द मोजायला एक माणूस नेमलेला असतो. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या त्या चळवळीतून घड्याळ आणि मोजदाद या दोन गोष्टी उचलाव्यात, बाकी टाळ्यांचा भाग ज्याच्या त्याच्या आवडीचा. वाटीचा आवाज मात्र दर वेळी करू नये. तीन फेऱ्यांपैकी एकीतच टण् करावं, उरलेल्या दोन फेऱ्यांत चिंचोके मुकाट रुमालावर ठेवावेत. सारखा टणटणाट झाला की बोलणारा विषय सोडून वाटीकडे कान लावतो आणि संख्या उलट वाढते.

'अं' नुसता गिळून टाकता येत नाही, त्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ते म्हणजे तोंड मिटणं. वाक्य संपलं की ओठ मिटायचे, नाकाने श्वास घ्यायचा, मग पुढचं वाक्य. ओठ मिटलेले असताना 'अं' निघायला वाव राहत नाही. हा विराम दीड-दोन सेकंदांचा असतो, पण बोलणाऱ्याला तो अर्धा मिनिट वाटतो. म्हणून त्याला रेकॉर्डिंग ऐकवायचं. 'मी एवढंच थांबलो होतो?' हे वाक्य या टप्प्यावर जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी येतं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी जी गोष्ट हाती लागते, तिच्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. मराठी वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात असतो. 'गेल्या वर्षी आपण वरची टाकी साफ करून घेतली' आणि '…साफ करून घेतली नाही' यांत फरक एका 'नाही'चा, आणि तो 'नाही' अगदी टोकाला. नेमका तिथंच बोलणाऱ्याचा श्वास संपलेला असतो, आवाज खाली गेलेला असतो, मान कागदाकडे वळलेली असते. पहिल्या रांगेला 'नाही' ऐकू येतं, सातव्या रांगेला येत नाही. सभेत निम्मे लोक उलट समजून भांडायला उठतात त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

सराव असा: दहा वाक्यं लिहायची, प्रत्येक आठ ते दहा शब्दांचं. मोठ्याने म्हणायची आणि शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतक्याच जोराने टाकायचा. सुरुवातीला ते नाटकी वाटतं, वाटू द्यावं. एकाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभं राहायचं आणि प्रत्येक वाक्याचं फक्त क्रियापद परत म्हणून दाखवायचं. चुकलं की वाक्य पुन्हा. वाक्य लांब असेल तर जोर पुरत नाही, म्हणून ते आपोआप तोडावं लागतं. लहान वाक्यं बोलावीत हा उपदेश शंभरदा करून जे होत नाही, ते या एका खेळाने पंधरा मिनिटांत होतं.

शुद्ध बोलण्याचा प्रश्न कुणीतरी हमखास काढतं. आमचं मत सरळ आहे. ज्या बोलीत घरी बोलता, तिच्यातच माइकवर बोला. घरचा हेल ऐकू येण्याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते 'सदर विषयाच्या अनुषंगाने' असलं काही ओढून आणल्यावर, कारण तिसऱ्या वाक्याला ते सुटतं आणि मग माणूस दोन्हीकडून तुटतो.

आता प्रत्यक्ष तयारी. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा हा सरावासाठी फार चांगला मुक्काम आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती घ्यावी लागते, आणि नोटीस १४ दिवस आधी लागते. तेवढेच दिवस आपल्याला मिळतात. विषय असा धरू: गेल्या वर्षी टँकरवर ४ लाख २० हजार रुपये गेले, वरच्या टाक्या रात्री भरून वाहतात, व्हॉल्व्ह आणि मीटर बसवायला ६० हजार लागतील.

पहिले दोन दिवस नुसतं बोलायचं, लिहायचं नाही. घरातल्या कुणालातरी, गॅसपाशी उभं राहून, विषय सांगायचा. समोरचा पहिला प्रश्न काय विचारतो ते टिपून ठेवायचं. बहुधा तो 'पैसे किती?' असतो. तोच सभेचाही पहिला प्रश्न असणार, म्हणून त्याचं उत्तर भाषणात वर यायला हवं.

मग कार्ड. ए-फोर कागद नको. हात जरा जरी थरथरला तरी तो पंख्यासारखा फडफडतो आणि मागच्या रांगेलाही दिसतो. पोस्टकार्डाएवढा जाड तुकडा घ्यायचा, लग्नपत्रिकेची मागची बाजू उत्तम. त्यावर पहिलं वाक्य पूर्ण, शेवटचं वाक्य पूर्ण आणि मध्ये तीनच ओळी: 'टँकर ४.२० लाख', 'टाकी रात्री २ ते ५ वाहते', 'व्हॉल्व्ह, मीटर ६० हजार'. मधला भाग पाठ करायचा नाही. पाठ केलेल्या मजकुरातला एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते, आणि तो आठवण्यासाठी डोळे छताकडे जातात. समोरच्यांना ते छताकडे बघणं लगेच कळतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. भीती सगळ्यात जास्त पहिल्या तीस सेकंदांत असते, आणि नीट चाललेलं भाषण लोळतं ते शेवट सापडत नाही म्हणून.

पहिलं वाक्य कसं असावं, ते शेजारी-शेजारी ठेवून बघा.

'आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे सर्व सभासद बंधू-भगिनींनो, सर्वप्रथम मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी कमिटीचे आभार मानतो. तसं पाहिलं तर पाण्याचा प्रश्न हा आज सगळीकडेच आहे…'

'अध्यक्ष महोदय, गेल्या वर्षी आपण टँकरवर चार लाख वीस हजार रुपये खर्च केले. रोज रात्री दोन ते पाच या वेळात आपल्याच टाकीतून पाणी वाहून जातं. ते थांबवण्यासाठी आज एक ठराव मांडतो आहे.'

पहिल्याला पंधरा-वीस सेकंद जातात आणि अजून टाकीचं नावही निघालेलं नसतं. दुसऱ्यात आकडा, कारण आणि आजचं काम, तिन्ही आलेले असतात. दुसऱ्यातलं 'आपण'ही मुद्दाम आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द असणं ही बोलणाऱ्याला मिळालेली मोठी सोय आहे. 'आम्ही सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाही' म्हटलं की हॉलचे दोन तट पडतात. 'आपण खर्च केले' म्हटलं की कमिटीही त्यात आणि तक्रार करणाराही. कार्ड तयार झालं की त्यातला प्रत्येक 'आम्ही' आणि 'तुम्ही' पेन्सिलीने गोल करून तपासावा. निम्मे बदलता येतात.

आकड्यांचं तंत्र वेगळंच आहे. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' कानाला सारखेच लागतात, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या तरुण सभासदाला 'अडुसष्ट' म्हणजे किती हे मनात जुळवावं लागतं. तेवढ्यात तुमची पुढची दोन वाक्यं निघून जातात. म्हणून तोंडी आकडा गोल करावा आणि सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच या आपल्या मापांचा सढळ वापर करावा. ६८,७५० ला 'जवळजवळ सत्तर हजार' म्हणावं, नेमका आकडा कागदावर वाटावा. एका भाषणात तीनच आकडे. चौथा आला की पहिला पुसला जातो.

वेळेचा हिशेब करताना बहुतेकांची फसगत होते. आमच्या मोजणीत सावकाश मराठी बोलणाऱ्याचे मिनिटाला शंभर ते एकशेतीस शब्द होतात. स्वतःचे एकदा मोजून ठेवावेत. पाच मिनिटं मिळणार असतील तर तयारी चार मिनिटांची करायची. प्रत्यक्षात कुणीतरी मध्ये बोलतं, माइक उशिरा चालू होतो, आपल्यालाच एखादं उदाहरण सुचतं. आणि सराव उभ्याने, मोठ्याने, घड्याळ लावून. मनातल्या मनात केलेला सराव आम्ही धरत नाही. मनात कुणी अडखळत नाही आणि कुणाला धापही लागत नाही. चौदा दिवसांत अशा आठ-दहा फेऱ्या पुरतात, त्याहून जास्त झाल्या तर पुन्हा घोकंपट्टीचा सूर लागतो.

शरीराबद्दल थोडक्यात. झुलायची सवय असेल तर वर्तमानपत्राचं एक पान पायाखाली घेऊन सराव करावा, पाय हलला की कागद कुरकुरतो. हातांचं काय करायचं असा प्रश्न पडला तर एका हातात कार्ड आणि दुसरा मोकळा. नजर हॉलभर फिरवू नये, पाच माणसं निवडावीत आणि एका माणसाला एक वाक्य द्यावं. त्यातलं एक शेवटच्या रांगेतलं हवं. बोलायच्या अर्धा तास आधी पेढा आणि घट्ट गोड चहा टाळावा, तोंडात चिकट थर बसतो आणि सारखं खाकरावं लागतं. साधं कोमट पाणी, दोन घोट. उठण्याआधी पाच-सहा श्वास असे की आत घ्यायला चार मोजले तर सोडायला सहा-सात मोजावेत.

माइकवर मात्र नीट थांबायला हवं, कारण चांगली तयारी तिथं मातीत जाते. हातातला माइक ओठांपासून तीन-चार बोटांवर, थोडा खाली धरायचा. थेट समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' यांच्या हवेचे फटके बसतात. जाळीभोवती मूठ आवळून धरणं हा गायकांचं बघून आलेला प्रकार, त्याने आवाज घुमतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी वाजण्याचं दुसरं कारण म्हणजे बोलणारा स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. स्पीकरमधून आलेला आवाज परत माइकमध्ये जातो आणि फिरत राहतो. अशा वेळी माइकवर हात न ठेवता दोन पावलं मागं किंवा बाजूला सरकावं. पोडियमवरचा वाकडा माइक वीतभर अंतरावर चालतो, पण डावीकडच्या लोकांकडे मान वळवली की आवाज गायब होतो. तिथं तोंड माइककडेच ठेवून शरीर वळवायला शिकावं लागतं. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर लावतात. मंगळसूत्र, ओढणी किंवा ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी त्याला घासली तर भाषणभर खरखर चालते. हे सगळं सभेच्या वीस मिनिटं आधी जाऊन बघायचं. माइकवर टकटक किंवा फुंकर नको. पहिलं वाक्यच म्हणून बघावं, तोही एक सराव होतो.

बोलताना कुणीतरी उठतंच: 'हे मागच्या वर्षी का नाही सांगितलं?' त्यावर वाद सुरू केला की चार मिनिटं संपली. 'काका, तुमचा मुद्दा लिहून घेतो, मिनिटभरात त्यावर येतो' म्हणायचं, खरोखर कार्डवर लिहायचं आणि खरोखर त्यावर यायचं. उत्तर देताना तोंड अध्यक्षांकडे. ही रीत कोरडी वाटते, पण तिच्यामुळे दोन सभासदांचं समोरासमोर जुंपत नाही.

अचानक अंगावर येणाऱ्या 'दोन शब्द बोला'साठी वेगळा खेळ. चिठ्ठ्या टाकायच्या, उघडली की वीस सेकंद विचार आणि एक मिनिट बोलणं. 'पाऊस' निघाला की नव्वद टक्के लोक 'पाऊस म्हणजे निसर्गाचं…' असं सुरू करून पंधराव्या सेकंदाला कोरडे पडतात. शाळेतला निबंध पुन्हा आडवा येतो. यावर नियम एकच: पहिल्या वाक्यात जागा आणि वेळ हवी. 'जुलैत, रात्री अकराला, स्टेशनबाहेर रिक्षा मिळत नव्हती.' एवढं म्हटलं की पुढचं वाक्य आपण होऊन येतं. निरोप समारंभ, साखरपुडा, नव्या सहकाऱ्याची ओळख, सगळीकडे हेच चालतं. श्रद्धांजलीच्या सभेतही: गेलेल्या माणसाचा डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग, दोन मिनिटं, बस. तिथं कंठ दाटून आला तर आवाज रेटू नये. लांबच्या एखाद्या वस्तूकडे, खिडकीच्या गजाकडे वगैरे बघावं, श्वास पूर्ण सोडावा, पाणी प्यावं. लोक थांबतात.

ऑफिसचं गणित बरंच सोपं आहे, लोक मात्र ते अवघड करून ठेवतात. निकाल आधी, कारणं मागून. 'काम शुक्रवारी होणार नाही, मंगळवारी होईल' हे पहिलं वाक्य, मग का. कारणांपासून सुरुवात केली की ऐकणाऱ्याला ती सबब वाटते. स्लाइडवरचं वाचून दाखवू नये, समोरचे तुमच्या आधी वाचून मोकळे होतात. मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळलेल्या बैठकीत कामाचे शब्द इंग्रजी आणि क्रियापदं मराठी चालतात, मनातल्या मनात भाषांतर करत बोलणं चालत नाही. व्हिडिओ कॉलवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, तेव्हा प्रश्न विचारल्यावर मनात तीन मोजावेत.

अभिप्राय देणं हेही शिकावं लागतं. 'छान झालं' याचा कुणाला उपयोग नाही. आमची चाचणी अशी: भाषण संपल्यावर दहा मिनिटं दुसऱ्याच गप्पा मारायच्या, मग तिघांना वेगवेगळं विचारायचं, 'तो काय म्हणाला?' तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या तर कार्डवर गर्दी झाली आहे. आणि चांगलं ऐकायला जावं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते. कुठल्याही गावच्या अशा मालेत मागच्या रांगेत, हातात घड्याळ घेऊन बसावं. वक्ता पहिल्या मिनिटात काय करतो, कुठं थांबतो, वाक्याचा शेवटचा शब्द आपल्यापर्यंत पोचतो का, एवढंच टिपावं.

सभा झाली की त्या रात्री रेकॉर्डिंग ऐकून पहिल्या रविवारच्या कागदाशी ताडून बघायचं. चिंचोके कमी झालेले असतात, शून्यावर आलेले नसतात. पण खरा कागद नंतर येतो. सेक्रेटरी इतिवृत्ताचा मसुदा फिरवतात, त्यात तुमच्या चार मिनिटांना एखादीच ओळ मिळते. ती कार्डाच्या शेवटच्या वाक्याशी लावून बघायची. 'पाण्याच्या प्रश्नावर चर्चा झाली' अशी ओळ आली असेल तर ठरावाचं वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचलेलं नाही. '६० हजार रुपये मंजूर' असं असेल तर कार्ड पाकिटात ठेवून द्यायचं आणि प्लंबरला फोन लावायचा.